भूचर खेकड्यांचे पालन व आर्द्रता

ज्या खेकड्यांचा जन्म समुद्राच्या पाण्यात होतो, परंतु ज्यांचे प्रौढ जीवन जमिनीवर जाते, त्यांना भूचर खेकडे म्हणतात. हे प्राणी पेटीत ठेवून पाळावयाचे झाल्यास पेटीतील हवेचा ओलावा विशिष्ट मर्यादेत राखणे ही पालनाची पहिली अट ठरते. अन्न, ऊब, जागा व पाणी या गरजा इतर पाळीव प्राण्यांनाही असतात. भूचर खेकड्याच्या बाबतीत मात्र श्वसनक्रियाच हवेतील बाष्पावर अवलंबून असल्याने कोरडी हवा त्याला उपासमारीइतकीच घातक ठरते. या गोष्टीचे ज्ञान होण्यास आवश्यक असलेली तीन अंगे, म्हणजे प्राण्याच्या श्वसनेंद्रियांची माहिती, ओलावा कोंडून ठेवणारी काचपेटी आणि आर्द्रता मोजण्याचे साधन, ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सिद्ध झालेली होती. असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे खेकडे पाळीव प्राणी म्हणून मोठ्या संख्येने विकले जाऊ लागले, तेव्हा ते तारेच्या उघड्या पिंजऱ्यांत ठेवले गेले. भूचर खेकड्यांच्या पालनाचा इतिहास हा ज्ञान व व्यवहार यांच्यातील या अंतराचा इतिहास आहे.

प्राणी व त्याचे श्वसन : भूचर खेकडे हे संधिपाद संघाच्या कवचधर वर्गातील दशपाद गणात मोडतात [⟶ खेकडा]. त्यांचे दोन मुख्य गट आहेत. पहिला गट गेकार्सिनिडी कुलातील खऱ्या खेकड्यांचा असून त्यात वेस्ट इंडीजमधील काळा खेकडा (गेकार्सिनस रूरिकोला), निळा भूखेकडा (कार्डिसोमा ग्वानहुमी) आणि हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरील तांबडा खेकडा (गेकार्कॉइडिया नॅटॅलिस) यांचा समावेश होतो. दुसरा गट सीनोबिटिडी कुलातील शंखवासी खेकड्यांचा आहे. यांचे उदर मऊ असते आणि त्याच्या रक्षणासाठी ते मृत गोगलगायींचे रिकामे शंख वापरतात. पाळीव प्राणी म्हणून जे भूचर खेकडे सर्वांत जास्त विकले जातात, ते याच कुलातील सीनोबिटा प्रजातीचे होत. नारळखेकडा किंवा लुटारू खेकडा (बिर्गस लॅट्रो) हाही याच कुलातील असून जमिनीवर राहणाऱ्या संधिपाद प्राण्यांत तो आकाराने सर्वांत मोठा आहे. तो बाल्यावस्थेत शंख वापरतो व उदर कठीण झाल्यावर शंखाचा त्याग करतो.

पाण्यातील खेकडा क्लोमांनी (कल्ल्यांनी) श्वसन करतो. क्लोम पातळ पटलांचे बनलेले असतात आणि ऑक्सिजन त्यांच्या पृष्ठभागावरील पाण्यात विरघळून रक्तात जातो. हवेत आल्यावर ही पटले परस्परांना चिकटून निकामी होण्याचा व वाळण्याचा धोका असतो. भूचर खेकड्यांमध्ये क्लोम आकाराने लहान व अधिक ताठ झालेले असतात, तर क्लोमकोष्ठाच्या आतील अस्तरात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे निर्माण होऊन त्याला फुप्फुसासारखे कार्य प्राप्त झालेले असते. सीनोबिटा प्रजातीत मऊ उदराच्या त्वचेतूनही वायूंची देवाणघेवाण होते. तथापि ही सर्व इंद्रिये ओली असतील तरच कार्य करू शकतात. शिवाय कीटकांच्या बाह्यत्वचेवर पाणी रोखून धरणारा जो मेणचट थर असतो, तशी प्रभावी व्यवस्था या खेकड्यांकडे नाही. त्यामुळे कोरड्या हवेत त्यांच्या शरीरातील पाणी झपाट्याने उडून जाते.

या उणिवेवर शंखवासी खेकड्याने काढलेला उपाय लक्षणीय आहे. तो शंखाच्या आत थोडे पाणी साठवून बरोबर नेतो. या पाण्याने उदर व क्लोमकोष्ठ ओले राहतात. अशा रीतीने समुद्र सोडलेला हा प्राणी त्याचा अल्पसा अंश पाठीवर वाहत असतो. हे पाणी बाष्पीभवनाने कमी होत गेले आणि पुन्हा भरण्याची सोय नसली, की प्राणी मंदावतो, शंखाबाहेर लोंबू लागतो आणि अखेरीस मरतो. तथापि शंखातील साठ्यामुळे व त्याच्या काटक प्रकृतीमुळे हा मृत्यू तत्काळ न येता त्यास कित्येक आठवडे किंवा महिनेही लागू शकतात. पालनाच्या इतिहासात जो दीर्घकालीन गैरसमज टिकून राहिला, त्याचे मूळ मुख्यतः या विलंबात आहे.

प्रारंभीची निरीक्षणे : उष्ण कटिबंधातील बेटांवरील रहिवाशांना भूचर खेकड्यांचे पावसाशी असलेले नाते पूर्वीपासून ठाऊक होते. यूरोपीय ग्रंथांत त्याचे उल्लेख सतराव्या शतकापासून येतात. फ्रेंच मिशनरी झां बातिस्त द्यू तेर्त्र (१६१०–८७) याने अँटिलीस बेटांच्या वृत्तांतात तेथील भूखेकड्यांच्या समुद्राकडे होणाऱ्या वार्षिक स्थलांतराचे वर्णन केले आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत अँबोइना येथे राहिलेला निसर्गवैज्ञानिक रंफियस (१६२७–१७०२) याच्या १७०५ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नारळखेकड्याची माहिती आढळते. पॅट्रिक ब्राउन (१७२०–९०) याने जमेकाच्या निसर्गेतिहासावरील आपल्या १७५६ च्या ग्रंथात काळ्या खेकड्यांच्या डोंगरातून किनाऱ्याकडे होणाऱ्या प्रवासाचे वर्णन दिले आहे.

एप्रिल १८३६ मध्ये बीगल जहाजावरून कीलिंग (कोकोस) बेटांवर आलेल्या चार्ल्‌स डार्विन (१८०९–८२) याने नारळखेकड्याची माहिती मिळविली. हा खेकडा रोज रात्री समुद्राला भेट देतो असे त्याला सांगण्यात आले. त्यामागे क्लोम ओले करण्याचा हेतू असावा, असे अनुमान डार्विनने नोंदविले. प्राणी जमिनीवर राहतो, पण त्याचे श्वसन ओलाव्यापासून सुटलेले नाही, ही बाब अशा रीतीने पाळीव खेकड्यांचा व्यापार सुरू होण्याच्या सु. १४० वर्षे आधी छापील स्वरूपात उपलब्ध होती.

खेकडे काही काळ जिवंत ठेवण्याची प्रथाही जुनी आहे. परंतु तिचा हेतू खाद्याचा होता. प्वेर्त रीकोमध्ये ‘हुएय’ या नावाने ओळखला जाणारा निळा भूखेकडा पकडल्यानंतर काही दिवस खुराड्यात ठेवून त्याला मका इ. चारतात व नंतर खातात. तेथील दमट हवेत आणि अल्प मुदतीत आर्द्रतेचा प्रश्न उद्भवत नाही. तो उद्भवला, हा प्राणी आपल्या किनाऱ्यापासून दूर, थंड व कोरड्या प्रदेशांतील घरांत गेल्यानंतर.

बंद काचपेटीचा शोध : हवेतील ओलावा कोंडून ठेवण्याचे साधन खेकड्यांसाठी शोधण्यात आले नव्हते. लंडनच्या पूर्व भागात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या नॅथॅन्येल बॅग्‌शॉ वॉर्ड (१७९१–१८६८) याने १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश ओलसर मातीत ठेवून ती माती झाकणाच्या काचेच्या बाटलीत बंद केली. कोशातून पतंग केव्हा बाहेर पडतो, हे त्याला पाहावयाचे होते. काही दिवसांनी मातीतून एक नेचा व गवताचे पाते उगवलेले त्याला दिसले. घराभोवतीच्या कारखान्यांच्या धुरात जे नेचे जगविण्याचा त्याचा प्रयत्न वारंवार फसला होता, ते बंद बाटलीत पाणी न घालता वाढत होते. दिवसा मातीतून व पानांतून निघणारे बाष्प काचेच्या आतील बाजूवर संघनित होऊन पुन्हा मातीत उतरते, त्यामुळे ओलावा घटत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. सु. चार वर्षांनी बाटलीचे झाकण गंजून पावसाचे पाणी आत शिरले, तेव्हा त्या वनस्पती नष्ट झाल्या.

वॉर्डने या तत्त्वावर काचेच्या पेट्या तयार करविल्या व १८३३ मध्ये रोपे भरलेल्या दोन पेट्या जहाजाने सिडनीस पाठविल्या. त्यांतील रोपे सुस्थितीत पोहोचली. १८४२ मध्ये त्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘वॉर्ड पेटी’ने सागरी वनस्पतिवाहतुकीत क्रांती घडविली. रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४८–५१ या काळात चीनमधून चहाची रोपे हिमालयातील मळ्यांसाठी भारतात आणली, ती याच पेट्यांतून. सिंकोनाची रोपे दक्षिण अमेरिकेतून निलगिरीत आणण्यासाठीही त्यांचा उपयोग करण्यात आला. क्लेमंट्‌स मार्खम याने १८६० मध्ये आणलेल्या रोपांचा मात्र प्रवासातील, विशेषतः तांबड्या समुद्रातील, उष्म्याने नाश झाला. बंद पेटी ओलावा राखते, तशीच उष्णताही कोंडते, हा धडा यातून मिळाला. प्राण्यांच्या पेट्यांनाही तो तितकाच लागू आहे.

याच सुमारास जलचरांच्या पालनास प्रारंभ झाला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्‌स पार्क प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडण्यात आले. त्याच्या उभारणीशी संबंधित असलेल्या फिलिप हेन्री गॉस (१८१०–८८) याच्या १८५४ मधील ग्रंथाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. पाण्याची काचपेटी व ओल्या हवेची काचपेटी अशी दोन साधने या वेळी एकाच दिवाणखान्यात शेजारीशेजारी दिसू लागली. भूचर खेकड्याला या दोहोंच्या मध्ये बसणारी पेटी हवी होती : जलपेटीसारखी पाण्याची डबकी असलेली, परंतु वॉर्ड पेटीसारखी झाकलेली. वॉर्डची सुरुवात एका प्राण्यापासून झाली असली, तरी त्याच्या पेटीचा मुख्य उपयोग वनस्पतींपुरता राहिला आणि हा संयोग घडून येण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला.

आर्द्रतेचे मापन : स्विस वैज्ञानिक ऑरास बेनेदिक्त द सोस्यूर (१७४०–९९) याने १७८३ मध्ये केशआर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. मानवी केस दमट हवेत लांबतो व कोरड्या हवेत आखूड होतो, या गुणधर्मावर ते उपकरण आधारलेले होते. जर्मन भौतिकीविज्ञ एर्न्स्ट फेर्डिनांट आउगुस्ट (१७९५–१८७०) याने १८२५ च्या सुमारास शुष्क व आर्द्र फुग्यांच्या तापमापकांची जोडी प्रचारात आणली [⟶ आर्द्रतामापन]. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्वस्त इलेक्ट्रॉनीय आर्द्रतामापक सर्वसामान्य ग्राहकास मिळू लागले.

पेटीतील आर्द्रता समजून घेताना सापेक्ष आर्द्रतेची संकल्पना महत्त्वाची ठरते. एखाद्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प सामावू शकते, त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेल्या बाष्पाची टक्केवारी म्हणजे सापेक्ष आर्द्रता होय. २० से. तापमानाच्या १ घ. मी. हवेत कमाल सु. १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, तर ३० से. ला सु. ३० ग्रॅम. त्यामुळे २० से. ला ८०% आर्द्र असलेली हवा, नवीन पाणी न मिळता, ३० से. पर्यंत तापविल्यास तिची सापेक्ष आर्द्रता सु. ४५ टक्क्यांवर घसरते. पेटीवर दिवा लावून ऊब देणारा, पण पाण्याचा पृष्ठभाग न वाढविणारा पालक अशा प्रकारे नकळत हवा कोरडी करीत असतो. थंड प्रदेशातील हिवाळ्याचेही असेच आहे. शून्य अंश सेल्सिअसची पूर्ण संपृक्त हवा घरात येऊन २० से. पर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांहूनही कमी होते.

उपकरणाची अचूकता तपासण्याची एक सोपी रीत आहे. खाण्याच्या मिठात थोडे पाणी घालून त्याचा ओलसर लगदा करतात व तो आर्द्रतामापकासह हवाबंद डब्यात काही तास ठेवतात. नेहमीच्या तापमानाला मिठाच्या संपृक्त विद्रावावरील हवेची सापेक्ष आर्द्रता सु. ७५% असते, उपकरण जितका फरक दाखवील तितकी त्याची चूक समजावी. भूचर खेकड्याला लागणाऱ्या आर्द्रतेच्या जवळ हा आकडा येत असल्याने ही कसोटी या कामी विशेष सोयीची ठरते.

शास्त्रीय संशोधन : जर्मन प्राणिवैज्ञानिक कार्ल झेम्पर (१८३२–९३) याने १८७८ मध्ये नारळखेकड्याच्या फुप्फुसावरील निबंध प्रसिद्ध करून क्लोमकोष्ठाच्या अस्तराचे श्वसनकार्य पुढे मांडले. जे. स्टॅन्ली गार्डिनर याच्या १८९९–१९०० मधील मोहिमेवर आधारित मालदीव व लक्षद्वीप बेटांच्या ग्रंथमालेत एल्. ए. बॉरडेल (१८७२–१९४५) याने तेथील भूचर कवचधरांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे अधीक्षक ॲल्फ्रेड ऑलकॉक (१८५९–१९३३) यांनी १९०५ मध्ये भारतीय शंखवासी खेकड्यांची सूची सिद्ध केली; तीत सीनोबिटा प्रजातीचाही अंतर्भाव आहे.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेत डॉरथी ब्लिस (१९१६–८७) यांनी गेकार्सिनस लॅटरॅलिस या भूखेकड्यावर १९५० नंतरच्या दोन दशकांत केलेले कार्य पालनाच्या दृष्टीने मूलगामी आहे. हा खेकडा केवळ ओलसर वाळूवर बसूनही शरीरावरील केसांच्या झुबक्यांच्या साहाय्याने पाणी वर ओढून घेतो व ते पुढे हृदयावरणाच्या पिशव्यांत साठवितो, असे त्यांनी दाखविले. कात टाकण्यापूर्वी (निर्मोचनापूर्वी) या पिशव्या फुगतात. त्यांतील पाण्याच्या दाबाने जुने कवच दूर होऊन नवे ताणले जाते. काळोख, ओलावा, बेताची ऊब व एकांत यांच्या अभावी निर्मोचन लांबते, हेही या प्रयोगांवरून स्पष्ट झाले. म्हणजे ओलावा हा केवळ श्वसनाचा नव्हे, तर वाढीचाही आधार ठरला.

१९६२ मध्ये अँथनी प्रोव्हेन्झॅनो यांनी कॅरिबियन शंखवासी खेकड्याच्या (सीनोबिटा क्लायपिएटस) डिंभांची वाढ प्रयोगशाळेत समुद्रजलात घडवून तिच्या अवस्थांचे वर्णन केले. डच वैज्ञानिक पी. ए. डब्ल्यू. जे. द वाइल्ड यांनी कुरसाव बेटावर याच जातीची प्रजननक्रिया, जलव्यवस्था व क्षारसंतुलन यांचा अभ्यास करून १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. गोडे व खारे अशी दोन्ही प्रकारची पाणी मिळाल्यास हा खेकडा शंखातील पाण्याची क्षारता आपल्या गरजेनुसार राखू शकतो, हे त्यावरून कळून आले. मॅकमॅहन व बर्गरन यांनी १९७९ मध्ये याच जातीच्या श्वसनाचा अभ्यास मांडला आणि त्यांच्याच संपादनाखाली १९८८ मध्ये भूखेकड्यांच्या जीवविज्ञानावरील समग्र ग्रंथ केंब्रिज येथून निघाला.

व्यापार व तारेचे पिंजरे : प्रयोगशाळांत हे कार्य चालू असतानाच, १९७० नंतरच्या दशकात, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शंखवासी खेकडा हा लोकप्रिय पाळीव प्राणी बनला. पूर्व किनाऱ्यावरील पर्यटनस्थळांच्या दुकानांतून कॅरिबियन बेटांवरून पकडून आणलेले खेकडे अल्प किंमतीत विकले जाऊ लागले. त्यांच्याबरोबर तारेच्या जाळीचा लहान पिंजरा, तळाशी खडी, एक उथळ बशी व तीत ओला स्पंज असा सरंजाम दिला जाई. शंखांवर रंगीत चित्रे काढलेली असत. देखभालीस सोपा, न चावणारा, आवाज न करणारा व लहान मुलांना योग्य असा हा प्राणी असल्याचे ग्राहकांना सांगण्यात येई.

तारेच्या पिंजऱ्यात हवा मुक्तपणे खेळते, म्हणून तो आरोग्यदायी वाटतो. परंतु भूचर खेकड्याच्या बाबतीत हाच त्याचा मुख्य दोष आहे. स्पंजातून निघणारे बाष्प जाळीतून तत्काळ खोलीत पसरते व पिंजऱ्यातील आर्द्रता खोलीएवढीच राहते. हिवाळ्यात तापविलेल्या घरात ती, वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे, अत्यंत कमी असते. खडीत पुरून घेणे शक्य नसल्याने निर्मोचनही नीट होत नाही. अशा स्थितीत प्राणी काही महिन्यांत मरे. मात्र तो विकत घेतल्यानंतर बराच काळ जगल्यामुळे मृत्यूचा संबंध पिंजऱ्याशी जोडला जात नसे. या जातीचे आयुष्य मुळातच थोडे असते, असा समज त्यामुळे पसरला. वस्तुतः योग्य परिस्थितीत शंखवासी खेकडे तीस वर्षांहूनही अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. किंमत अल्प असल्याने मेलेल्या प्राण्याच्या जागी दुसरा आणणे सोपे होते, आणि म्हणून पद्धत बदलण्याची निकड विक्रेत्यास वा ग्राहकास भासली नाही.

या व्यापाराचा परिणाम घरापुरता मर्यादित नाही. शंखवासी खेकड्याची मादी अंडी समुद्रात सोडते; डिंभ प्लवक-अवस्थेत समुद्रात वाढतात व नंतर लहानसा शंख मिळवून किनाऱ्यावर येतात. ही साखळी बंदिस्त जागेत घडवून आणणे अत्यंत अवघड असल्यामुळे बाजारात आलेले जवळजवळ सर्व प्राणी निसर्गातून पकडलेले असतात. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात काही हौशी पालकांना डिंभ वाढवून जमिनीवर आणण्यात यश मिळाले असले, तरी त्यांची संख्या बाजाराच्या मागणीपुढे नगण्य आहे. जपानने याबाबत लवकर पाऊल उचलले. तेथे १९७० मध्ये सीनोबिटा प्रजातीच्या खेकड्यांना ‘नैसर्गिक स्मारक’ म्हणून कायदेशीर संरक्षण देण्यात आले. १९७२ मध्ये ओकिनावा बेटे जपानकडे परत आल्यावर तेथे हे खेकडे विपुल असल्याने परवानाधारकांना मर्यादित प्रमाणात ते पकडण्याची मुभा ठेवण्यात आली.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हौशी पालकांच्या आपसांतील अनुभवविनिमयामुळे तारेचा पिंजरा मागे पडून झाकलेल्या काचपेटीचा पुरस्कार होऊ लागला. प्रयोगशाळेतील निष्कर्ष सामान्य पालकापर्यंत पोहोचण्यास अशा रीतीने सु. तीन दशके लागली.

आधुनिक पद्धती : शंखवासी खेकड्यांसाठी पेटीतील सापेक्ष आर्द्रता साधारणपणे ७५ ते ८५% व तापमान २४ ते २९ से. राखणे इष्ट समजतात. आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांखाली राहणे धोक्याचे असते. पेटी काचेची असून तिच्यावर काचेचे वा प्लॅस्टिकचे झाकण असते. वायुवीजनासाठी लहानशी फट पुरते. तळाशी वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा यांच्या मिश्रणाचा थर देतात. त्यात वाळूचे प्रमाण सु. पाच पट असते. हे मिश्रण मुठीत दाबल्यास आकार धरील, पण पाणी गळणार नाही, इतके ओले असावे लागते. थराची खोली सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या निदान तिप्पट ठेवतात, कारण निर्मोचनासाठी तो आत पुरून घेतो व कित्येक आठवडे, मोठा असल्यास कित्येक महिने, वर येत नाही. या काळात त्याला उकरून काढणे बहुधा प्राणघातक ठरते.

पेटीत पाण्याची दोन डबकी असतात : एक क्लोरीनविरहित गोड्या पाण्याचे व दुसरे समुद्री क्षार मिसळलेल्या पाण्याचे. खेकडा आत बुडून शंखातील पाणी बदलू शकेल इतकी त्यांची खोली असते आणि बाहेर येण्यासाठी उताराची सोय करतात. खाण्याचे मीठ या कामी चालत नाही, कारण त्यात समुद्रजलातील इतर क्षार नसतात. डबक्यांत हवेचे बुडबुडे सोडल्यास बाष्पीभवन वाढून आर्द्रता स्थिर राहते. ओले शेवाळ ठेवण्यानेही साहाय्य होते. फवाऱ्याने पाणी शिंपडल्यास आर्द्रता तात्पुरती वाढते, परंतु पाणी तळात उतरत जाऊन तेथे साचते. म्हणून तो कायमचा उपाय मानीत नाहीत. उष्णता देणारी पट्टी पेटीच्या मागील भिंतीस, थराच्या पातळीच्या वर लावतात. ती तळाखाली लावल्यास वाळू सुकते व पुरलेला खेकडा भाजून निघतो.

ओलाव्याचा अतिरेकही हानिकारक असतो. तळाशी पाणी साचले की ऑक्सिजनविरहित थरात जंतू वाढतात, दुर्गंधी येते व निर्मोचनासाठी पुरलेला प्राणी दगावतो. काचेवर सकाळच्या वेळी थोडे दव दिसणे हे स्वाभाविक होय. परंतु ते दिवसभर ओघळत राहिल्यास झाकणाची फट वाढवावी लागते. वाढत्या बुरशीवर उरलेले अन्न रोज काढून टाकणे हाच मुख्य उपाय आहे.

भारतातील स्थिती : सीनोबिटा प्रजातीच्या जाती भारतीय किनाऱ्यांवर व विशेषतः अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप बेटांवर आढळतात. नारळखेकडा भारतात अंदमान-निकोबार बेटांपुरता मर्यादित असून वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. तो पकडणे किंवा बाळगणे हा गुन्हा ठरतो.

ओलावा व खेकडा यांचे नाते महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. पहिल्या पावसाबरोबर कोकणात व सह्याद्रीच्या उतारांवर बिळांतून बाहेर पडणारे मुठे हे गोड्या पाण्यातील खेकड्यांच्या कुलातील असून त्यांची पिले अंड्यांतून थेट खेकड्याच्याच रूपात बाहेर येतात. त्यांना समुद्राची गरज नसते. तथापि कोरडे महिने ओलसर बिळात काढावयाचे व हवा बाष्पाने भरली म्हणजे बाहेर पडावयाचे, हा त्यांचा क्रम समुद्री वंशाच्या भूखेकड्यांसारखाच आहे. ख्रिसमस बेटावरील तांबड्या खेकड्यांचे लक्षावधींच्या संख्येने होणारे स्थलांतरही पावसाळ्याच्या आरंभाशीच निगडित असते. पेटीतील आर्द्रता राखणे म्हणजे एका अर्थी हा पावसाळा वर्षभर टिकविणे होय.

कोकणपट्टीतील पावसाळी हवेत पेटीचे झाकण काही काळ उघडे राहिले तरी अपाय होत नाही. दख्खनच्या पठारावर मात्र मार्च-एप्रिलमधील दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि वातानुकूलित खोलीतील हवाही कोरडी असते. किनाऱ्यावर निरोगी दिसणारा खेकडा हौसेने घाटमाथ्यावर नेऊन साध्या भांड्यात ठेवल्यास, अमेरिकेतील तारेच्या पिंजऱ्याचीच पुनरावृत्ती होते. निसर्गातून काढलेल्या प्रत्येक खेकड्याची भरपाई केवळ समुद्रच करू शकतो. यामुळे पेटीतील आर्द्रतेचा प्रश्न एका प्राण्याच्या आयुर्मानाबरोबरच किनाऱ्यावरील त्याच्या जातीच्या संख्येशीही जोडलेला आहे.